सिरिलनं क्रॅगली का सोडलं

क्रॅगली,
मंगळवार, १२ जानेवारी १९८८

सिरिल,

सख्ख्या भावानं नोकरी सोडल्याचं सख्ख्या बहिणीला माशांच्या दुकानातल्या रांगेत कळावं, ही कुठली रीत? माझ्या पुढे पेगी उभी होती. हातातल्या संध्याकाळच्या पेपरातून मान वर करून म्हणाली, "हेटी, तुझा सिरिल गेला की गं!" क्षणभर मला वाटलं, तू मेलास. मग तिनं बातमी दाखवली आणि मला वाटलं, मेला असतास तर निदान लोकांना तोंड तरी दाखवता आलं असतं.

चार ओळी आल्यात. "क्रॅगलीच्या प्रशिक्षकाचा राजीनामा. कारण सांगण्यास नकार." सहा वर्षं या रग्बी संघाचा कोच होतास, त्याआधी अकरा वर्षं त्यांच्यासाठी खेळलास, आणि शेवटी चार ओळी. खाली कुणाच्या तरी हरवलेल्या मांजराची जाहिरात आहे, ती पाच ओळींची.

रविवारी सामन्याआधी तू मैदानावरच्या माझ्या चहाच्या टपरीवर आला होतास. मी कप भरला. तू म्हणालास, "जरा कडक दे." बस्स. तेव्हा तुझं ठरलेलं असणार. सांगायला काय झालं होतं? मध्ये फक्त एक फळी होती.

काल रात्री कामगार क्लबात दुसरा विषयच नव्हता. हर्बर्ट स्पिंक टेबलावर मूठ आपटून सांगत होता, "याच्या बापानं आपल्या टेंटरफील्ड मैदानाच्या चिखलात सहा दात पाडून घेतले, आणि हा अर्ध्या हंगामात चिठ्ठी ठेवून चालता झाला!" हर्बर्टनं पन्नास वर्षांत घरच्या मैदानावरचा एक सामना चुकवलेला नाही, तेव्हा त्याला बोलायचा हक्क आहे. बसवाला टेरी तेवढा तुझ्या बाजूनं होता. "संचालकांनी त्याला दिलं काय? पंधरा खेळाडू, त्यातले चार लंगडे. मी असतो तर नाताळातच पळालो असतो." हर्बर्ट म्हणाला, "तू पळ की. तुझ्या बसमध्ये तसंही कुणी बसत नाही." सगळे हसले. मी हसले नाही. दोघंही माझ्याकडे बघून बोलत होते, जणू मला आतलं काही माहीत आहे.

मला काही माहीत नाही. एवढं माहीत आहे की नोव्हेंबरपासून तू माझ्या ग्लेनला बाहेर बसवलंस. सख्ख्या भाच्याला. नऊ वर्षं तो नऊ नंबरची जर्सी घालतोय, आणि तू पेपरवाल्याला सांगितलंस, "फॉर्म नाही." सामन्याच्या दिवशी पोरगा कोट घालून माझ्या टपरीशेजारी उभा राहायचा. मी मांसाच्या गरम पाई विकत होते आणि माझी मान वर होत नव्हती. नाताळला तुझं कार्ड न उघडता परत पाठवलं ते त्यासाठीच. आणखीही एक केलंय मी, पण ते तुला सांगायला मी बांधलेली नाही.

श्रीमती एच. सटक्लिफ


सोमवार, २५ जानेवारी

सिरिल,

थॉर्नशॉ!

दुसरी जागाच उरली नव्हती का? ऑस्ट्रेलियाला गेला असतास तर मी स्वतः बंदरावर येऊन रुमाल हलवला असता. सहा मैलांवर, टेकडीपलीकडे, त्या निळ्या-पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांचा कोच व्हायला? काकांनी थॉर्नशॉची मुलगी केली म्हणून बाबांनी त्यांच्याशी किती वर्षं बोलणं टाकलं होतं, आठवतंय ना? काकू बिचारी चांगली होती, तरी.

काल मैदानावर तुझ्या नावानं नुसता शिमगा चालला होता. पुठ्ठ्यावर "गद्दार" लिहून कुणीतरी ते गोलखांबाला बांधलं. टेरीनं जाऊन ते काढलं, तर हर्बर्टनं त्याला हटकलं, "तुला का एवढा पुळका?"

"मला त्याचा पुळका नाही," टेरी म्हणाला. "हा क्लब पुढच्या वर्षी असेल का, याची मला काळजी आहे. कोच सुखासुखी जात नाही. काहीतरी कुजलंय तिथं वर, त्या गालिचेवाल्याच्या खोलीत."

"चेअरमनना गालिचेवाला म्हणू नकोस. त्यांनी छप्पर घातलं उभं राहून सामना बघायच्या पायऱ्यांवर."

"गळतं ते."

टपरीपुढे रांग खोळंबली होती आणि हे दोघे माझ्या फळीवर कोपर टेकून भांडत होते. शेवटी मीच ओरडले, "चहा हवा असेल तर घ्या, नाहीतर थॉर्नशॉला जाऊन भांडा!"

आणि ऐक, ग्लेन परत आला. तुझी पाठ वळल्यावर तिसऱ्या दिवशी डेनिस प्रॅटनं त्याला बोलावलं. तुझाच साहाय्यक, पण तुझ्यापेक्षा त्याला पारख जास्त दिसते. नाव पुकारलं तेव्हा पायऱ्यांवरून असा आवाज उठला की माझ्या फळीवरचे चमचे वाजले. मिस्टर हॉल्रॉइड स्वतः टपरीवर आले. चेअरमन असून हात हातात घेऊन म्हणाले, "सटक्लिफबाई, लोक या मुलाला बघायला येतात. आम्हाला घरच्या माणसांची कदर आहे." मला रडूच आलं. तू मामा असून एवढं कधी म्हणाला नाहीस.

सामना हरलो. पण तो मुद्दा नाही.

हेटी सटक्लिफ


सोमवार, १५ फेब्रुवारी

सिरिल,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, दोन वाक्यं. "ग्लेनला खेळू देऊ नकोस. का ते त्यालाच विचार."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तुझं काय अडलंय आता? तू आपलं थॉर्नशॉ सांभाळ. इथून गेलास तरी पोरावर दात धरणं सुटत नाही तुझं! मी ते पत्र चुलीत टाकलं. नंतर ग्लेनला विचारलंही, अगदी तुझ्याच शब्दांत. तो म्हणाला, "मामाला वाईट वाटतंय गं, मी त्याच्याशिवाय चांगला खेळतोय म्हणून." आणि हसला. झालं समाधान?

काल आम्ही जिंकलो. तुला पेपरातून कळलंच असेल, पण पेपरात गंमत आली नसेल ती सांगते. उत्तरार्धात ग्लेननं त्यांच्या एका आडदांड गड्याला असा टॅकल केला की दोघंही आडवे. तो गडी उठला, मग ग्लेन उठला, आणि आपला सरळ जाऊन त्यांच्या रांगेत उभा राहिला! त्यांच्या, सिरिल. लाल जर्सी घालून हिरव्या जर्सीवाल्यांत. चेंडूची वाट बघत. सगळ्या पायऱ्या हसायला लागल्या. हर्बर्टच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. मीही हसले. आपल्या एकानं हाताला धरून त्याला इकडे आणलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थोडा धांदरट झालाय तो हल्ली, एवढं खरं. परवा चहात तीनदा साखर घातली. हॉल्रॉइडच्या गोदामाची व्हॅन आमच्या गल्लीत वळवायच्या ऐवजी सरळ टेकडीवर घेऊन गेला, म्हणे विचारात होतो. घरात लहान मूल आहे, रात्रीची झोप नाही. तुला पोरंबाळं नाहीत, तुला काय कळणार.

एक मात्र खटकलं. बुधवारी सूट घातलेली तीन माणसं लांब टेप घेऊन मैदान मोजत होती. मी कप विसळत होते. विचारलं तर म्हणाली, "पाण्याच्या निचऱ्यासाठी." निचऱ्यासाठी माझी टपरीही मोजली त्यांनी. टेरीला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला.

हेटी


मंगळवार, २३ फेब्रुवारी

सिरिल,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची दोन फाडली.

रविवारी मैदान गोठलं म्हणून सामना झाला नाही. ग्लेन, त्याची लोरेन आणि बाळ जेवायला आले. मी गोमांसाचा रोस्ट केला होता, पुडिंग छान फुललं होतं. ग्लेन पोटभर जेवला. मग आपली बशी सरकवून म्हणाला, "आई, बाबांचं ताट झाकून ठेव. त्यांना आज कामावरून यायला उशीर होईल."

लोरेनचा काटा हातातच राहिला.

सिरिल, नॉर्मनला जाऊन या एप्रिलमध्ये सहा वर्षं होतील. शवपेटीला पुढच्या बाजूनं तू आणि ग्लेननंच खांदा दिला होता. त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं. म्हणाला, "गंमत केली गं." आणि उठून मागच्या अंगणात गेला. तिथं भिंतीला धरून ओकताना मी त्याला खिडकीतून पाहिलं.

मोरीत भांडी विसळताना लोरेननं मला सगळं सांगितलं. तिला थांबताच येईना. नोव्हेंबरमध्ये तीन आठवड्यांत दोनदा तो बेशुद्ध पडला होता. पहिल्यांदा मी पाहिलं होतं, ओला स्पंज लावला आणि उठला. दुसऱ्यांदा बाहेरगावी. तू त्याला तिथूनच परस्पर मोठ्या हॉस्पिटलात नेलंस, तोंडावर चिखल होता तसा, आणि पाच तास बाकावर बसून राहिलास. डॉक्टर म्हणाले, आता डोक्याला आणखी एक मार बसला तर जीव जाईल, नाहीतर जन्मभर कुणीतरी भरवायला लागेल. हंगाम तर संपलाच, बहुधा खेळही कायमचा. आणि तुझ्या गाडीत या मोठ्या पुरुषानं तुझा हात धरून विनवलं, "मामा, आईला सांगू नकोस, कुणालाच सांगू नकोस." हॉल्रॉइडच्या गालिच्यांच्या गोदामातली नोकरी जर्सीमुळे मिळालेली. जर्सी गेली की तीही गेली. तू शब्द दिलास. "फॉर्म नाही" म्हणालास आणि दोन महिने माझ्यासकट सगळ्या गावाच्या शिव्या खाल्ल्यास.

मग जानेवारीत हॉल्रॉइडनं तुला वर बोलावलं. त्याला सगळं माहीत होतं, म्हणे, ग्लेनला खेळवायचा तगादा थांबावा म्हणून डॉक्टरांचा कागद तूच त्याच्या हातात दिला होतास. तो म्हणाला, "लोक सटक्लिफला बघायला येतात. रविवारी त्याला खेळव, नाहीतर राजीनामा ठेव." तू राजीनामा ठेवलास. तिथून ग्लेनच्या घरी गेलास आणि खेळणार नाही अशी त्याच्याकडून बाळाची शपथ घेतलीस. तीन दिवसांत त्यानं ती मोडली.

आता मी काय केलं होतं ते सांगते. तुला माहीत असणारच, तरी माझ्या हातानं लिहिते. डिसेंबरात चाहत्यांनी निवेदन काढलं होतं, कोचला काढा म्हणून. एकेचाळीस सह्या होत्या. पहिली माझी. हर्बर्टनं विचारलंसुद्धा, "हेटी, भावाविरुद्ध?" मी म्हणाले, "भाऊ घरी." हॉल्रॉइडनं तो कागद तुझ्यापुढे टाकला असणार. माझं अक्षर तू ओळखतोस. तो बघूनही तू टपरीवर आलास आणि चहा मागितलास.

माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही, कारण मी तुझ्यावर आधीपेक्षा जास्त संतापले आहे. शब्द पाळलास, फार मोठा झालास! तो शब्द एका पोराला दिला होतास, आणि मी त्याची आई आहे. तो मैदानात मेला असता तर तो शब्द छातीशी धरून मयतीला आला असतास का? दोन वाक्यं लिहून काय पाठवतोस? माझं दार का फोडलं नाहीस?

मी ग्लेनला म्हणाले, आता पुरे. तो म्हणाला, "मी सत्तावीस वर्षांचा आहे, आई." डेनिसला गाठलं, तो म्हणाला, चेअरमनना विचारा. हॉल्रॉइडच्या कचेरीत दोनदा गेले, दोनदा "साहेब बाहेर गेलेत." साहेबांची गाडी दारातच होती. रविवारच्या संघात ग्लेनचं नाव लागलंय.

गुरुवारी कामगार क्लबात चाहत्यांची मोठी सभा आहे. कोच का गेला आणि क्लबचं पुढे काय, यावर. हॉल्रॉइड स्वतः येणार आहे. मी आजवर चार माणसांसमोर उभी राहून बोललेली नाही, चहाच्या रांगेशिवाय.

हेटी


शुक्रवार, २६ फेब्रुवारी

सिरिल,

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

चारशे माणसं असतील. दाराबाहेर जिन्यावरसुद्धा उभी होती. व्यासपीठावर हॉल्रॉइड, त्याच्या शेजारी डेनिस, आणि खेळाडू मागच्या भिंतीला टेकून. ग्लेनही त्यांच्यात.

हॉल्रॉइड छान बोलतो, हे मान्य करायला हवं. म्हणाला, क्लब म्हणजे कुटुंब. म्हणाला, "अडचणीच्या दिवसांत एक माणूस या कुटुंबाला सोडून शेजाऱ्यांकडे गेला. पैशासाठी गेला. सिरिल बूथरॉइडनं टेंटरफील्डचं मीठ खाल्लं आणि थॉर्नशॉची चाकरी धरली!" टाळ्यांचा कडकडाट. हर्बर्ट तर उभा राहून वाजवत होता.

मग टेरी उठला. हातात एक कागद होता, नगरपालिकेच्या खिडकीवरून उतरवून आणलेला. म्हणाला, "साहेब, शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. टेंटरफील्डवर मोठं दुकान आणि गाड्या लावायची जागा बांधायचा अर्ज जानेवारीत दाखल झालाय. त्यावर तुमची सही आहे. मग पुढच्या हंगामात आपण खेळायचं कुठे?"

हॉल्रॉइड म्हणाला, वाटाघाटी चालू आहेत.

"कुणाशी?"

हॉल्रॉइडनं घड्याळ बघितलं.

"मीच वाचतो," टेरी म्हणाला. "थॉर्नशॉशी. त्यांच्या मैदानावर, त्यांच्या सोयीच्या दिवशी. सिरिल एकटा गेला, साहेब. तुम्ही तर आम्हा सगळ्यांना बसमध्ये घालून तिकडे नेताय."

जो गदारोळ उठला तो मी लिहूच शकत नाही. हर्बर्ट खुर्चीवर चढला होता, सत्तर वर्षांचा म्हातारा! "माझ्या बायकोची राख त्या मैदानावर आहे!" असं ओरडत होता. काहीजण अजून हॉल्रॉइडच्या बाजूनं होते, दुसऱ्याच्या मैदानात का होईना, क्लब जगेल तरी म्हणत होते. टेरी त्यांना म्हणाला, "असा जगवण्यापेक्षा त्याला आपल्या गावात मरू द्या." त्यावरून एका कोपऱ्यात गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली.

हॉल्रॉइडनं हात वर केले. म्हणाला, "हे सगळं त्या माणसाच्या पळपुटेपणामुळे. तो राहिला असता, चांगले खेळाडू खेळवले असते, तर लोक आले असते आणि ही वेळच आली नसती."

तेव्हा मी उठले. कशी उठले मला माहीत नाही. पेगी म्हणते मी बाक सरकवला त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मी म्हणाले, "मी त्याची बहीण. त्यानं कुणाला खेळवलं नाही ते मी सांगते." आणि सांगितलं. हॉस्पिटल, डॉक्टर, कागद, सगळं. मध्ये थांबले नाही. नॉर्मनच्या ताटाचंही सांगितलं. नको होतं सांगायला, पण तोंडातून गेलं.

हॉल्रॉइड म्हणाला, "सटक्लिफबाई, ही तुमची खाजगी बाब आहे."

"त्याला जर्सी दिलीत तेव्हा होती का खाजगी? माझा हात हातात घेतलात तेव्हा? तो कागद तुमच्या टेबलाच्या खणात होता आणि तुम्ही मला कदरीच्या गोष्टी सांगत होतात!"

डेनिस प्रॅट उठून उभा राहिला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "मला कुणी सांगितलं नव्हतं. देवाशपथ सांगतो, कुणी नाही." मग भिंतीकडे बघून म्हणाला, "ग्लेन, रविवारी तू खेळत नाहीस."

सगळं सभागृह मागे वळलं. हर्बर्ट खुर्चीवरून उतरून त्याच्यापर्यंत गेला. अगदी हळू विचारलं, "पोरा, त्या दिवशी तू त्यांच्या रांगेत उभा राहिलास, तेव्हा आम्ही हसलो होतो. तुला कळत होतं का, तू कुठे आहेस ते?"

ग्लेननं मान हलवली फक्त, नाही म्हणून. आणि दार ढकलून निघून गेला.

मी तेवढ्यावर बसायला हवं होतं, पण बसले नाही. निवेदनाचं सांगितलं. म्हणाले, पहिली सही माझी होती, ती मी मागे घेते, आणि ज्यांनी ज्यांनी सही केली त्यांनी आज रात्री झोपून दाखवावं. हर्बर्ट म्हणाला, "दुसरी माझी." आणि टोपी काढून उभा राहिला. त्याच्यानंतर कोण कोण बोललं ते मला नीट आठवत नाही. चेअरमनवर विश्वास नाही म्हणून हात वर करा म्हटल्यावर इतके हात वर झाले की मोजायची गरज पडली नाही. हॉल्रॉइड स्वयंपाकघराच्या दारानं गेला.

ग्लेन बाहेर भिंतीशी उभा होता. मी जवळ गेले. म्हणाला, "चारशे माणसांसमोर तू माझ्या अंगातली जर्सी ओढून काढलीस." मी म्हणाले, "हो." तो म्हणाला, "मामानं निदान माझी लाज राखली होती." आणि चालायला लागला.

तेव्हा आता तू जिंकलास आणि मीही जिंकले, आणि पोरगा दोघांनाही विचारत नाही. बरं वाटतंय?

हेटी


मंगळवार, २९ मार्च

प्रिय सिरिल,

तू लिहिलंस, "दार फोडायला आलो असतो तर तू उघडलं असतंस का?"

नसतं उघडलं. कडी लावून आतून शिव्या घातल्या असत्या. पण तू यायला हवं होतंस, यावरून मी मागे हटणार नाही.

इकडची खबर अशी. दोन संचालकांनी राजीनामे दिले. हॉल्रॉइड खुर्चीला चिकटून आहे, पण नगरपालिकेनं अर्जाचा निर्णय उन्हाळ्यानंतर ढकलला. तोवर टेंटरफील्ड आपलं, पुढचं कुणी सांगू शकत नाही. चाहत्यांनी समिती केली आहे. टेरी अध्यक्ष, हर्बर्ट चिटणीस. हर्बर्टला शुद्धलेखन येत नाही, त्यामुळे त्यानं मदतीसाठी लंडनला पाठवलेल्या पत्रात खेळाचं नावच चुकलं आणि तिकडून भलत्याच खेळाच्या संस्थेचं उत्तर आलं. समितीत रोज भांडणं होतात. अर्धे म्हणतात सिरिलला परत बोलवा, अर्धे म्हणतात थॉर्नशॉचं पाणी प्यायलेला माणूस नको. हर्बर्ट दोन्हीकडून बोलतो.

माझ्याकडून टपरीची किल्ली काढून घेतली. कचेरीतून चिठ्ठी आली, "सेवेची गरज नाही." एकोणीस वर्षं झाली होती मला. त्या रविवारी फळीमागे एक नवी मुलगी उभी केली होती, आणि लोक घरून थर्मास घेऊन आले. एकानंही कप घेतला नाही. मला त्या मुलीचंच वाईट वाटलं. मी जाऊन तिच्याकडून एक चहा घेतला. पांचट होता.

ग्लेनची गोदामातली नोकरी गेली, ती जाणारच होती. टेरीनं त्याला बस धुण्याचं काम लावून दिलंय. महिनाभर तो माझ्या दारात आला नाही. लोरेन बाळाला घेऊन यायची, तो कोपऱ्यावर उभा राहायचा.

परवा आला. एकटाच. मोरीच्या दारात उभा राहिला, कोट काढला नाही. म्हणाला, "पाच तारखेला हॉस्पिटलात बोलावलंय. डोक्याची मोठी तपासणी आहे." मी म्हणाले, बरं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मामा येईल का?"

मी म्हणाले, "तूच विचार ना त्याला."

म्हणाला, "दोनदा लिहायला बसलो. दुसऱ्या ओळीवर गेलो की पहिलीत काय लिहिलं ते जातं. तू लिही."

म्हणून लिहितेय. येत्या मंगळवारी, पाच तारखेला, सकाळी साडेदहा. लोरेनला गिरणीतून सुट्टी मिळत नाही. मी जाणारच आहे, पण तुला माहीत आहे, डॉक्टर बोलायला लागले की माझ्या कानात नुसती घरघर होते. नॉर्मनच्या वेळी ते मला काय म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही. तिथं कुणीतरी शांत डोक्याचं ऐकणारं हवं.

त्याआधी शुक्रवार आहे. गुड फ्रायडेला तुझे निळे-पांढरे टेंटरफील्डवर येतायत. मी पायऱ्यांवर हर्बर्टशेजारी उभी असेन आणि पहिल्या शिट्टीपासून तुझा उद्धार करीन. त्यात काही बदल होणार नाही, आणि तू वर बघूही नकोस. हरलात तर मला आनंदच होईल.

मंगळवारी नऊला गाडी घेऊन ये. ग्लेन पुढे बसेल, तुझ्याशेजारी. मी मागे बसेन.

तुझी,
हेटी